एकनाडीचा प्रश्न आणि परळची संस्था

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आपल्या मंडळाच्या कार्यालयात वधू-वर नोंदणीसाठी पालक येतात. अर्ज भरून होतो, फोटो चिकटवला जातो आणि मग टेबलावर जरा पुढे वाकून, आवाज उतरवून एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, स्थळ सगळ्या बाजूंनी चांगलं आहे हो. पण मुलाचा आणि मुलीचा, दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्हच निघाला. ही एकनाडी झाली का? पुढे मुलाबाळांना त्रास होतो म्हणतात."

या टेबलाशी बसून मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचं नीट, मुळापासून उत्तर देणं हे मंडळाचं कामच आहे असं मला वाटू लागलं. नाडी पत्रिकेतली, आद्य, मध्य आणि अंत्य. ती जन्मनक्षत्रावरून ठरते, तिचा रक्ताशी संबंध नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर मुलांना काहीही होत नाही. बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात काळजी घ्यावी लागते, पण त्यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे आणि कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला ते ठाऊक असतं. म्हणजे विचारला जाणारा प्रश्न चुकीचा आहे. त्यामागची भीती मात्र बिनबुडाची नाही. एकाच ज्ञातीत, त्याच त्या घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होत राहिली की काही आजार त्या रक्तातून मुक्कामाला येतात, हे खरं आहे. फक्त ते ए, बी, ओच्या रकान्यात दिसत नाहीत.

हे आपल्याला आज ठामपणे सांगता येतं, याचं बरंचसं श्रेय मुंबईत परळला असलेल्या एका संस्थेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था हे तिचं आजचं नाव. मंडळाचा स्वतःचा इतिहास या स्मरणिकेत दुसरीकडे आला आहेच. संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, मला या संस्थेबद्दल लिहू द्या. लग्नं जुळवणाऱ्यांच्या स्मरणिकेत रक्त तपासणाऱ्यांचा इतिहास असलाच पाहिजे.

सुरुवात संस्थेच्या जन्माआधी पाच वर्षांची आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून परळला उभी आहेत. गिरण्यांच्या वस्तीतलं, गोरगरिबांचं रुग्णालय. १९५२ च्या सुमारास तिथे दोन जखमी माणसांना रक्त द्यायचं होतं. एक रेल्वेतल्या अपघातातला, दुसरा सुऱ्याचा वार झालेला. नेहमीच्या तपासणीत दोघांचाही गट 'ओ' दिसत होता, पण ओ गटाच्या कोणत्याही दात्याचं रक्त त्यांच्या रक्ताशी जुळेना, गुठळ्या होत. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया हे तिथले डॉक्टर. भेंड्यांचं पॅथॉलॉजीचं पाठ्यपुस्तक पुढे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वाचलं. या तिघांनी हे नमुने दुर्मीळ म्हणून बाजूला ठेवून दिले नाहीत. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या जाणकारांबरोबर त्यांनी त्यांची उकल केली आणि १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध आला. तेव्हापासून त्या गटाला जगभर 'बॉम्बे' म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं नाही.

त्या दोघांना कुणाचंच रक्त का जुळत नव्हतं, ते समजून घेण्यासारखं आहे. तांबड्या पेशीवर आधी 'एच' नावाचा एक पाया असतो, ए किंवा बी हे त्यावरचं बांधकाम. ओ गटाच्या माणसाकडे बांधकाम नसतं, पण पाया असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे पायाच नाही. म्हणून त्याचं शरीर ए आणि बीला तर परकं मानतंच, शिवाय ओ गटाच्या रक्तातल्या एचलाही परकं मानतं. सगळ्यांना चालणारं म्हणून आपण ज्या ओ निगेटिव्ह रक्ताचं नाव घेतो, ते या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाच्याच माणसाचं रक्त चालतं. युरोपात असा माणूस साधारण दहा लाखांत एक. मुंबईत सुमारे दहा हजारांत एक. भारतात नोंदल्या गेलेल्या घराण्यांत सगळ्यात जास्त महाराष्ट्रातली आहेत.

आपल्याकडेच एवढं का? हा गट उतरायचा तर आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी, तोच दडलेला दोष यावा लागतो. एकीकडूनच आला तर माणसाला काही होत नाही, त्याला पत्ताही लागत नाही. या घराण्यांचा माग काढताना डॉक्टरांना दिसलं, की पुष्कळ ठिकाणी आई-वडील लग्नाआधीपासूनच एकमेकांचे नातलग होते. मामाची मुलगी केलेली. हे देशावरच्या माणसाला समजावून सांगायला नको. सगोत्र नको म्हणून आपण वडिलांकडचं गोत्र तपासतो, पण मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, ही रीत अनेक घरांत अजून आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जवळच्या नात्यातलं लग्न मना करताना रूढीची सवलत ठेवली आहे. इरावती कर्व्यांनी आप्तसंबंधांवरच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राच्या या मामेबहिणीच्या सोयरिकीची सविस्तर मांडणी केली, तो ग्रंथ १९५३ चा. म्हणजे इकडे कर्वे घराघरांतल्या नात्यांची जाळी कागदावर उतरवत होत्या आणि त्याच सुमारास परळला ती जाळी परीक्षानळीत दिसू लागली होती. या योगायोगानं मी अजूनही थक्क होते.

मुंबईत लग्नाच्या रिती आणि रक्त यांच्या या नात्यावर विचार करणारं आणखी एक माणूस होतं, डॉ. एल. डी. संघवी. डॉ. वसंत खानोलकरांबरोबर त्यांनी १९४९ मध्येच मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांच्या रक्तगुणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला होता. १९५६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या बारा ज्ञातिगटांत नात्यातली लग्नं किती होतात याची मोजणी छापली. १९६३ मध्ये त्यांच्या गटानं मुंबईच्या पारशी समाजातल्या जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेवर लिहिलं. ही कमतरता असलेल्या माणसाला काही औषधांनी अचानक कावीळ होते आणि रक्त उतरतं, त्यामुळे हे आधी ठाऊक असणं फार मोलाचं. संघवींच्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांनी कुठल्याही ज्ञातीला कमअस्सल ठरवलं नाही. त्यांनी फक्त मोजलं. आणि मोजल्यावर दिसलं की मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरातही शेजारी-शेजारी राहणारे लोक रक्तानं आपापल्या वाड्यातच राहत होते.

१९५७ मध्ये आयसीएमआरनं मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केलं. आजच्या संस्थेचा जन्म तो. बॉम्बे गटाच्या शोधातले भाटिया पुढे या केंद्राचे आधारस्तंभ झाले. संदर्भ केंद्राचं काम बाहेरून फार साधं दिसतं. कुठल्या तरी रुग्णालयात रक्त जुळत नाही, तिथला तंत्रज्ञ नमुना पाठवतो, केंद्रात त्याचा गट आणि त्यातली प्रतिपिंडं शोधली जातात आणि कोणतं रक्त चालेल हे कळवलं जातं. पण एकेका नमुन्यामागे रुग्णालयाच्या व्हरांड्यात ताटकळणारं एक कुटुंब असतं. आणि असे नमुने वर्षानुवर्षं एका ठिकाणी आल्यामुळेच कोणत्या भागात, कोणत्या समाजात काय दडलं आहे, याचा नकाशा हळूहळू उमटत गेला.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ही गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. ए गटाचे ए-वन आणि ए-टू असे पोटप्रकार ओळखायला एक द्रावण लागतं. ते कुळथापासून करतात. आपण पिठलं आणि कढण करतो तोच कुळीथ. त्याच्या दाण्यांच्या अर्कानं ए-वन पेशींच्या गुठळ्या होतात, हे सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले बर्ड यांनी भारतात असताना शोधलं आणि १९५१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. परदेशी रसायनं महाग आणि दुर्मीळ असण्याच्या काळात आपल्याच शेतातलं कडधान्य रक्तपेढीच्या कपाटात जाऊन बसलं. हे मी शाळेतल्या मुलांना सांगते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात.

१९७३ मध्ये केंद्राच्या नावावर एक मोठा शोध लागला. बडकेरे, जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी भारतीय लोकांच्या रक्तात एक नवा प्रतिजन शोधून काढला. रक्तगटांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ती प्रणाली 'इंडियन' या नावानं नोंदली आहे. म्हणजे परळच्या एका छोट्याशा वैद्यकवर्तुळातून 'बॉम्बे' आणि 'इंडियन' ही दोन नावं जगाच्या रक्तशास्त्रात गेली.

पण संस्थेचं खरं मोठेपण मला पुढच्या टप्प्यात दिसतं. १९८२ मध्ये केंद्राचं रूपांतर इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत झालं, नंतर नावात 'राष्ट्रीय' हा शब्द आला. आता केवळ गट ओळखून भागणार नव्हतं. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया या आजारांची मुलं समोर येत होती. डॉ. दीपिका मोहंती, डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. रोशन कोलाह यांच्यासारख्यांनी इथे जनुकांच्या पातळीवर निदान उभं केलं. भारतातल्या बीटा थॅलेसेमियात कोणते जनुकीय बदल वारंवार सापडतात, महाराष्ट्र आणि गुजरातच्या कोणत्या जिल्ह्यात वाहकांचं प्रमाण किती आहे, हे गावोगाव नमुने घेऊन तपासलं गेलं. जिल्हा बदलला, समाज बदलला की आकडा बदलतो, हे त्यातून स्पष्ट झालं. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर दहा-बारा आठवड्यांच्या गर्भाच्या वारेचा कणभर अंश तपासून बाळाला आजार आहे की नाही, हे सांगण्याची सोयही इथे झाली.

'वाहक' या शब्दाशी मला थोडं थांबायचं आहे. माझी एक मावसबहीण लग्नाआधीपासून 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या घेत होती. बीट झालं, खजूर झाले, गूळ-शेंगदाणे झाले. हिमोग्लोबिन काही हललं नाही. शेवटी कुणीतरी एचपीएलसी नावाची तपासणी करायला सांगितली. हिमोग्लोबिनचा ए-टू हा भाग नेहमीपेक्षा जास्त निघाला. ती थॅलेसेमिया मायनर होती, म्हणजे वाहक. तिला कसलाही आजार नव्हता. तिला गोळ्यांची गरजही नव्हती. तिचा नवरा वाहक नाही, त्यामुळे मुलं ठणठणीत आहेत. पण तो वाहक असता तर? प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता अशी, की मूल थॅलेसेमिया मेजर घेऊन येईल आणि दर दोन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागेल. आणि हे टाळायला लग्नाआधी एका छोट्या नळीत रक्त दिलं असतं तर पुरलं असतं. त्या दोघांची पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण आले होते. हा एक गुण कुणी विचारलाच नव्हता.

असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता स्वतःतच विवाह करणाऱ्या छोट्या समाजांत वाढते. त्यांचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या आमिश लोकांचं आहे. अठराव्या शतकात युरोपातून पेनसिल्व्हेनियात गेलेले हे शेतकरी. घोडागाडी, साधे कपडे, घरात वीज नाही, आणि लग्न फक्त आपल्यातच. मूळ घराणी थोडी, त्यामुळे एखाद्या पूर्वजाच्या रक्तातला दोष सात-आठ पिढ्यांनंतर दोन्ही बाजूंनी एकत्र येतो. व्हिक्टर मॅक्युसिक या जनुकशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये लँकेस्टर परगण्यातल्या सहा बोटांच्या, ठेंगण्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा ती सगळी घराणी १७४४ मध्ये आलेल्या एकाच जोडप्याशी जाऊन भिडली. पुढे होम्स मॉर्टन हा डॉक्टर तिथे गेला. 'सेरेब्रल पाल्सी' म्हणून सोडून दिलेल्या काही आमिश मुलांना प्रत्यक्षात ग्लुटॅरिक अ‍ॅसिडिमिया नावाचा आनुवंशिक आजार आहे आणि वेळेवर कळलं तर आहार व काळजी घेऊन मेंदूची हानी बरीच टाळता येते, हे त्यानं दाखवलं. १९८९ मध्ये त्यानं आणि त्याची पत्नी कॅरोलाइन हिनं स्ट्रासबर्ग गावात खास मुलांसाठी दवाखाना सुरू केला. शेजारच्या आमिश आणि मेनोनाइट शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडाची इमारत उभी करून दिली. दवाखान्याच्या खर्चासाठी ते आजही गोधड्यांचा आणि घरगुती वस्तूंचा लिलाव करतात.

मला या गोष्टीत सगळ्यात भावतं ते हे, की त्या लोकांची राहणी कुणी मोडली नाही. तुमचं लग्न चुकलं, असं मॉर्टन म्हणाला नाही. त्यानं नवजात बाळाच्या रक्ताचा थेंब तपासला आणि पुढचं त्यांच्यावर सोपवलं. समाजानंही ती तपासणी आपली मानली. परळची संस्था आकारानं आणि वयानं त्या दवाखान्यापेक्षा मोठी आहे, पण असं घराशेजारचं नातं आपल्याकडे जुळायचं आहे. ते जुळवणारे दुवे आपल्यासारखी मंडळंच होऊ शकतात.

कारण आमिश हे एकटे नाहीत, आपण सगळेच थोडेबहुत आमिश आहोत. हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे (सीसीएमबी) कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या गटानं २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या दोनशे साठहून अधिक समाजगटांची जनुकं तपासली. त्यातल्या ८१ गटांत थोड्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक होत्या. आणि त्यातल्या १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर होती. ज्ञाती लाखोंची असली तरी तिचे पूर्वज मोजकेच असू शकतात. नाशिककरांना हे द्राक्षबागेवरून चटकन कळेल. बागेत हजारो वेली असतात, पण सगळ्या थॉमसन. एकीवर डावणी आली की बाकीच्यांपैकी कुणाकडेही वेगळा प्रतिकार नसतो.

गंगापूर रोडवरून आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकत धरणाकडे आणि पुढे गिरणाऱ्याला गेलं, की याच विषयाचं दुसरं टोक भेटतं. गिरणाऱ्याच्या नाक्यावर पहाटे पेठ, हरसूल, सुरगाणा भागातले आदिवासी मजूर बागेच्या कामासाठी उभे असतात. महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. नंदुरबारकडचे भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीकडचे माडिया आणि गोंड यांच्यात ते अधिक. या आजारात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडं-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होतं, मुलं वारंवार आजारी पडतात. एकेरी दोष मलेरियाच्या तीव्र आजारापासून रक्षण करतो, म्हणून जंगलपट्ट्यात तो टिकून राहिला. दुहेरी झाला की आजार होतो. भारतातल्या आदिवासींमध्ये सिकल पेशी पहिल्यांदा आढळल्याची नोंद निलगिरीतली, १९५२ ची. बॉम्बे गटाचंच वर्ष. महाराष्ट्रात या आजारासाठी आयुष्य वेचलेल्या पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. परळच्या संस्थेनं चंद्रपूरला या रक्तदोषांसाठी केंद्र उभारलं आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं आहे आणि २०४७ हे उद्दिष्टाचं वर्ष ठेवलं आहे.

गिरणाऱ्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या पोरीला जेव्हा 'तू वाहक आहेस' असं सांगितलं जातं, तेव्हा तिच्या लग्नाचं काय होतं, याची मला फार काळजी वाटते. आपल्या टेबलावर येणाऱ्या मुलींबाबतही तेच. आपल्याकडे दोष नेहमी मुलीकडे लावला जातो. वाहक असणं हे व्यंग नाही. बहुतेक प्रत्येक माणसाच्या रक्तात कुठला ना कुठला दोष एकेरी दडलेला असतो. माझ्यातही असणार, तुमच्यातही. वाहकानं वाहक नसलेल्याशी खुशाल लग्न करावं. दोघंही वाहक निघाले आणि तरी मन जुळलं असेल, तर त्यांनी समुपदेशकाकडे जावं, गर्भतपासणीची माहिती घ्यावी आणि स्वतः ठरवावं. कुठल्या ज्ञातीत हे किती, याच्या गप्पा चहाच्या टेबलावर रंगवू नयेत. परळच्या संस्थेनं जे मोजलं, ते कुणाला नाव ठेवण्यासाठी मोजलेलं नाही.

या वर्षी मंडळाच्या नोंदणी अर्जात आपण एक रकाना वाढवला आहे. रक्तगटाच्या खाली, नाडीच्या वर. 'हिमोग्लोबिन एचपीएलसी तपासणी : केली / करायची आहे' एवढंच तिथे छापलं आहे. निकाल लिहायला जागा मुद्दाम ठेवलेली नाही. तो कागद त्या दोघांनी, पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत, एकमेकांना दाखवायचा आहे.